आधी हात मातीत

आधी हात मातीत घास, मामा म्हणाला,
साबणाचा वास जाईपर्यंत.
मी शाळेतून तसाच आलेलो, नखांत खडू,
आईनं चोपडलेलं खोबरेल डोक्याला.
डोकं पण घास, म्हणाला.
हसला नाही.

नान्नजच्या अलीकडचा माळ,
कुसळी पिवळी पडत आलेली,
आणि रात्री दक्षिणेला आभाळ जरा भुरकट,
ते सोलापूर.
तिथल्याच टांगेवाल्या रशीदचाचानं
दोन बिडीबंडलांवर दिलेले घोड्याच्या शेपटीचे केस
मामानं माझ्या मांडीवर ठेवले.
तीन घे. वळ. मग तिनाचे सहा कर.
मांडी लाल झाली.
पांढरा केस घ्यायचा नाही, चांदण्यात दिसतो,
हे मला कुणी सांगितलं नाही,
सुरमलमामा नुसता पांढरे वेचून फेकत राहिला.

पहिले सात फास त्यानं उसवले.
आठवा माझ्याच बोटात घातला अन् ओढला.
सरकला.
बोट पांढरं पडलं, मग निळं.
हां, म्हणाला. आता झाली गाठ.

ह्या कामात वाट दोनदा बघायची असते,
एकदा ओणवं होऊन, नाक जमिनीला लावून,
बोरीखाली गवत कुठं दबलंय, कुठं लेंडी, कुठं अंड्याचं टरफल;
आणि एकदा मग बसून.
दुसरी मला जमेना.
खोकला यायचा. मुतायला यायचं.
कडक भाकरी दातांत वाजायची.

मुंगूस आडवं गेलं की गावची पोरं थांबतात,
तोंड दाखव म्हणून शपथा घालतात.
आपण तोंड नाही बघायचं, मामा म्हणाला,
आपण शेपूट बघायची.

तिसऱ्या पहाटे मी तोंड बघितलं.
खुंटी चावून चावून हिरडी फुटलेली,
शेपूट फुगून दुप्पट झालेली,
डोळे तांबडे, माझ्यावरच.
फास मी लावलेला होता, ते त्याला ठाऊक असल्यासारखे.
मामा आपल्या बोलीत देवीला काहीतरी पुटपुटला,
पुढचं फार लवकर झालं.
मी हात मातीत घासले.
तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

लुनावरून माणूस यायचा, सोनाराचा असतो तसला काटा घेऊन.
केस तोळ्यावर.
मांस आमचं.
कशाला लागतात, मी विचारलं.
रंगवायला, तो म्हणाला,
आणि मला वाटलं, मुंगसाचे केस रंगवतात.

चित्रकलेचे वडनाल सर ब्रश ओठांत धरून
त्याचं टोक करायचे.
एकदा माझ्याकडं दिला.
करडा, टोकाला काळा, मध्ये पिवळसर पट्टा.
मी वास घेतला.
वर्ग हसला.

आता नव्या पेठेत माझं बोर्ड रंगवायचं दुकान आहे.
नायलॉनचे ब्रश वापरतो, चार दिवसांत फिसकटतात.
सरांचा तो डब्यात आहे.
विकायला बंदी, ठेवायलाही असेल.

गेल्या महिन्यात वनखात्याची ऑर्डर आली,
पत्र्याचे बारा बोर्ड, पिवळ्यावर काळं,
शिकार करणे दंडनीय गुन्हा आहे.
अकरा नायलॉननं केले.
बारावा रात्री, शटर ओढून.
डबा उघडला.
मोठ्या ‘शि’चं वळण एका दमात आलं,
कडेला केसभर थरथर नाही.

सकाळी मामा आला, दवाखान्याच्या चिठ्ठ्या घेऊन.
डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षर येत नाही.
काय लिवलंय, म्हणाला.
माळावर लावायचाय, मी म्हणालो.
कुठं?
बोरीच्या वाटंला.
तो बारा बोर्डांवरनं हात न लावता बोट फिरवत गेला,
शेवटच्यापाशी ओणवा झाला,
नाक पत्र्याला लागेस्तोवर.
रंग ओला होता.
‘श’च्या आतल्या गाठीकडं बराच वेळ बघत राहिला.

ही सरकणार नाही, म्हणाला.
लई घट्ट बांधलीस.